चार चौकोनांचा कागद

रविवारी चारला सगळ्यांनी जमायचं ठरलं होतं. आत्या साडेतीनलाच येऊन बसली, त्यामुळे ताईला पर्समधले कागद पुन्हा एकदा काढून बघायची सोय राहिली नाही. कागद दोन होते. एक बाहेरच्या कप्प्यात, घरच्यांना दाखवायचा. दुसरा आतल्या कप्प्यात, चेन लावून. तो कुणाच्या नजरेस पडू नये, एवढंच तिचं त्या दिवशीचं मागणं होतं.

आईने चहा ओतला. या घरात चहा अर्धा कपच ओततात. नवीन माणसाला वाटतं, काय हात आखडता आहे यांचा! ताईच्या धाकट्या भावाची बायको, जिला सगळे मास्तरीण म्हणत, लग्न होऊन आली तेव्हा तिलाही तसंच वाटलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात ती माहेरी जाऊन दोन कप भरून चहा पिऊन आली होती. मग तिला कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं की कप भरलेला असला की हात हललेला दिसतो, अर्धा असला की दिसत नाही. आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

आजाराचं डॉक्टरी नावही घरात कुणी घेत नसे. 'खोड' म्हणत. आजोबांना शर्टाचं वरचं बटण सारखं चाचपायची खोड लागलीय, असं आजीने शेजाऱ्यांना सांगितलं होतं, तेव्हापासूनचा तो शब्द. चाळिशीच्या आसपास बोटं आपली आपण हलायला लागतात, मग मान, मग पाय, मग बोलणं जातं, आणि या सगळ्यात माणसाचा स्वभावही बदलत जातो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. आजोबांच्या दोन मुलांपैकी बाबांना लागली, आत्या सुटली. आत्या आता एकसष्ट वर्षांची होती, वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य काढून निवृत्त झालेली, आणि आपण सुटलो याची तिला अजून लाज वाटत असे.

बाबा खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत होते, दोन्ही बाजूंना उशा खोचून. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठे, हवेत काहीतरी पुसल्यासारखा फिरे आणि परत खाली पडे.

ताई अडतीस वर्षांची, धाकटा पस्तिशीचा. दोघांनीही रक्त तपासून घेतलं नव्हतं. औषधच नाही तर कळून करायचं काय, असं धाकटा म्हणे. ताई काहीच म्हणत नसे. रोज सकाळी दात घासताना ती आरशातल्या आपल्या हाताकडे बघे आणि मग बेसिनवरचा दिवा घालवून टाके.

"आले एकदाचे क्रेनवाले," जिन्यात पावलं वाजली तशी आत्या म्हणाली.

धाकटा बंदरावर क्रेन चालवायचा. चढायला एकशेवीस पायऱ्या, वर काचेची केबिन, खाली जहाजं. पाठोपाठ मास्तरीण आली. सातवीच्या वर्गाला गणित शिकवून शिकवून तिला कुठल्याही खोलीत आल्या आल्या माणसं मोजायची सवय लागली होती.

"पिटुकली कुठाय?" आईने नातीची चौकशी केली.

"खाली शेजारणीकडे ठेवली. तिच्यासमोर कसं बोलणार, आई? सगळं शाळेत जाऊन सांगते. परवा तिने बाईंना सांगितलं, मी जन्मायच्या आधी बर्फात होते म्हणून. बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

सगळे हसले. बाबांच्या घशातूनही हसण्याचा आवाज आला. ताईही हसली. तिने बाहेरच्या कप्प्यातला कागद काढून टेबलावर ठेवला.

पिटुकली खरोखरच बर्फातून आली होती, म्हणजे ताईच्या टाकीतून. कृत्रिम गर्भधारणेच्या ज्या दवाखान्यात ताई काम करायची, तिथल्या तळमजल्यावर गोठवलेल्या भ्रूणांच्या टाक्या होत्या आणि त्या सांभाळणं हे तिचं काम होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी ती टाकीत लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढायची. जिथपर्यंत पट्टीवर पांढरं हिम चढेल तिथपर्यंत गोठवणारा द्रव नायट्रोजन आहे असं समजायचं, कमी असेल तर भरायचा. सहा वर्षांपूर्वी धाकट्याने डॉक्टरांना एक अट घातली होती. खोड नसलेलाच भ्रूण गर्भाशयात ठेवा. पण भ्रूण किती झाले, कितींत दोष निघाला, निघाला की नाही, यातलं अक्षरही आम्हाला सांगू नका. मास्तरणीच्या घराण्यात खोड नव्हती. एका जरी भ्रूणात दोष निघाला असता, तरी तो धाकट्याकडून आला असं ठरलं असतं, आणि धाकट्याला तेच तर जाणून घ्यायचं नव्हतं.

नियमाने ताईने आपल्या माणसांच्या भ्रूणांच्या वाटेला जायचं नव्हतं. पण टाकीत काही ठेवताना दोघं लागतात. एकाने नळीवरचा नंबर आणि खूण मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती कागदाशी पडताळायची, आणि मग दोघांनी सही करायची. त्या दिवशी वाचणारा तापाने घरी होता. सहकारीण म्हणाली, "तू नुसतं वाच गं, हात मी लावते." ताईने वाचलं. नंबर भावजयीचा होता आणि नंबरापुढे लाल ठिपका होता, म्हणजे दोष निघालेला भ्रूण. अशा तीन नळ्या तिने वाचल्या. तिन्हींवर लाल ठिपका.

तेव्हापासून सहा वर्षं ती भावाच्या वाढदिवसाला जात होती, हसत होती, आणि तो मेणबत्ती विझवायला वाकला की त्याच्या बोटांकडे बघत होती.

आता ठेवायची मुदत संपली होती आणि सोमवारी, म्हणजे उद्याच, दवाखान्याला उत्तर हवं होतं. इतरांच्या फॉर्मवर चार चौकोन असतात: पुढे वापरण्यासाठी ठेवा, दुसऱ्या जोडप्याला द्या, संशोधनाला द्या, नष्ट करा. लाल ठिपकेवाल्यांना दुसरा फॉर्म जातो, त्यावर खालचे दोनच. दोनच चौकोन बघितले की धाकटा विचारणार, वरचे दोन कुठे गेले? आणि धाकटा काही दूधखुळा नव्हता. म्हणून ताई म्हणाली होती, पोस्टाने कशाला, मीच घेऊन येते. तिने ड्रॉवरमधून साधा चार चौकोनांचा फॉर्म काढला, त्यावर भावजयीचा नंबर आणि 'उरलेले भ्रूण: तीन' असं लिहिलं, आणि खरा फॉर्म पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला. दोघं आधीपासून म्हणत आलेत, आम्हाला एकच मूल पुरे. मग वरच्या चौकोनांकडे बघतंय कोण, असा तिचा हिशेब होता.

"मी सरळच सांगते," आत्याने चष्मा लावला. "संशोधनाला द्या. मी वाचलंय सगळं. पाच दिवसांचा गर्भ असतो तो, टाचणीच्या टोकाएवढाही नाही. त्याच्या आतल्या पेशी काढून वाढवतात. मूळपेशी म्हणतात त्यांना. त्यांचं काहीही होऊ शकतं, हाड, रक्त, मेंदू. समजा त्यांच्यात खोड असेल, तर खोडीचा मेंदू बशीत वाढवून त्यावर औषधं लावून बघता येतील. दादाच्या डोक्यात तर कुणी औषधं ओतून बघू शकत नाही ना?"

'खोड असेल' हे ऐकून ताईने कप खाली ठेवला.

"आणि पेशी काढल्या की त्या गर्भाचं काय होतं?" आईने विचारलं.

आत्या ताईकडे बघू लागली.

"ताई, तुला विचारतेय. तू तिथली आहेस."

"तो राहत नाही, आई."

"म्हणजे मरतो."

"वाढणं थांबतं."

"शब्द बदलू नकोस. त्यात जीव असतो की नाही, एवढंच सांग मला."

"ते मला सांगता येत नाही, आई. वाढू शकतो, एवढं सांगता येतं. जीव कधीपासून म्हणायचं, ते आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"मग माहीत नसताना कापता कशाला?" आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते आणि कापायच्या आधी तीनदा मोजायची तिची पद्धत होती. "कापड जोवर अख्खं आहे तोवर त्याचं काहीही होतं. एकदा कात्री लागली की संपलं."

"अगं आई," धाकटा म्हणाला, "नऊ वर्षं झाली तू बाबांना घास भरवतेयस. कुणाला तरी औषध सापडावं असं तुला वाटत नाही?"

"वाटतं की! देवाशपथ वाटतं. माझं रक्त घ्या, कातडी घ्या, काय हवं ते घ्या. मी हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते. ज्यांना विचारता येत नाही त्यांचं का?"

"वहिनी, नष्ट करतानाही त्यांना कुणी विचारत नाही," आत्या हळूच म्हणाली. "मोरीत ओतून देण्यापेक्षा कुणाच्या कामी आलेले बरे नाहीत का?"

"वन्सं, तुमचं बरं आहे. तुम्ही सुटलात."

हे लागलं. आत्याने चष्मा काढला आणि पुसत बसली. एरवी ताई मध्ये पडली असती. आज ती मूग गिळून बसली, कारण भांडण तिला हवं तिथे चाललं होतं. संशोधन की नष्ट, तिसरा चौकोन की चौथा. आणखी अर्धा तास हे असंच चाललं की कुणीतरी एक दमेल, सह्या होतील आणि ही दुपार सुटेल.

 मास्तरणीने हात पुढे करून पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा पण आहे की," ती म्हणाली.

ताईने पर्स मांडीवर ओढली.

"मला वाटलं होतं, हा नसेलच," मास्तरीण म्हणाली, आणि वर्गात गणित सुटताना यायचा तसा तिचा आवाज भराभर येऊ लागला. "म्हणून मी तोंड उघडलं नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, दोष असलेला गर्भ वापरू देत नाही, दुसऱ्यालाही देत नाही. मी समजून चालले होते की उरलेत ते तसलेच. पण तसले असते तर 'पुढे वापरण्यासाठी' असा चौकोन कशाला दिला असता? आई, ते चांगले आहेत. तिघंही चांगले आहेत."

"थांब," धाकटा म्हणाला. तो उभा राहिला होता. "थांब, थांब. पिटुकली एक आणि हे तीन. चार."

"चारपैकी चार," मास्तरीण म्हणाली.

"मला खोड असती तर निम्म्यांत तरी... अगं, एकात तरी यायला हवी होती!"

"अगदीच अशक्य नाही. सोळात एकदा होतं तसं," मास्तरीण म्हणाली, आणि मग तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "पण सोळातलं एक, रे! फक्त एक!"

धाकट्याने दोन्ही हात समोर धरले आणि आपल्याच हातांकडे कुणा नव्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिला. "दोन वर्षं झाली, ताई," तो म्हणाला. "दोन वर्षं मी वर केबिनमध्ये बसलो की आधी हात पॅनेलवर ठेवून शंभर आकडे मोजतो. खाली माणसं उभी असतात. डोक्यावरून तीस टनांचा डबा न्यायचा. कुणाला बोललो नाही. हिलाही नाही."

आई रडत होती. भांडण कुठल्या कुठे गेलं. आत्या उठून आईजवळ जाऊन बसली, आणि आईने तिचा हात धरला. "पहिलाच करा चौकोन," आई म्हणाली. "ठेवा तिघांना. पिटुकलीला भाऊ होऊ दे, बहीण होऊ दे." आत्याही मान हलवत होती, संशोधन तिच्या मनातून पुसून गेलं होतं. मग आईने किटली उचलली आणि धाकट्याचा कप भरला. अर्ध्यावर थांबली नाही, काठापर्यंत भरला. "आज भरून घे," ती म्हणाली. "माझ्या हाताने भरून घे."

या घरात ताईने भरलेला कप पहिल्यांदा पाहिला.

भीती म्हणजे काय हे तिला माहीत आहे असं ती आजवर समजत होती. आरशातल्या हाताची भीती, लाल ठिपक्यांची भीती, चेन लावलेल्या कप्प्याची भीती. ती सगळी या क्षणापुढे काहीच नव्हती. गप्प बसावं तर उद्या काउंटरवरची मुलगी यादी बघून म्हणेल, हे वापरता येणार नाहीत, तुम्हाला चुकीचा फॉर्म दिलाय कुणीतरी. बोलावं तर आत्ता, इथे, या आनंदात, आपल्या तोंडाने.   मास्तरणीने पेनाचं टोपण काढलं.

"थांब," ताई म्हणाली.

आवाज एवढा बारीक आला की कुणाला ऐकू गेला नाही. तिने पर्सची चेन उघडली. ती चेन तेवढी सगळ्यांना ऐकू गेली. तिने दुसरा कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"तुमचा फॉर्म हा आहे. तो चार चौकोनांचा मी आणला. माझ्या मनाने."

मास्तरणीने दोन चौकोन मोजले. मोजायला कितीसा वेळ लागणार! तिने टोपण परत लावलं.

धाकटा उभाच राहिला. "तिन्ही?" त्याने विचारलं.

"तिन्ही. फक्त पिटुकली स्वच्छ आहे."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"सहा वर्षं. साक्षीला माणूस नव्हता त्या दिवशी. मी वाचलं आणि..." तिने कागद सरळ केला. "तूच म्हणाला होतास, अक्षर सांगू नका. मी अक्षर नाही सांगितलं. आज तुला कळू नये म्हणूनच हे केलं, आणि हे असं झालं."

"सहा वर्षं आमच्या घरी येऊन जेवलात तुम्ही," मास्तरीण म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याचंही मी समजून घेईन, ताई. पण आत्ता? आत्ता मी चारपैकी चार म्हणाले. तुम्ही इथे बसून मला ते म्हणू दिलंत. याला उभा राहू दिलंत."

"हो," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

आईच्या हातात किटली तशीच होती. आत्याने ती काढून घेतली. आई कागदाकडे बघत होती, मग खिडकीकडे, मग पुन्हा कागदाकडे. "म्हणजे ती तिघं यांच्यासारखी आहेत," ती शेवटी म्हणाली.

खिडकीपाशी बाबांचा घसा वाजला. बाबांना बोलायचं असलं की सगळे थांबत. एकेक शब्द वर यायला वेळ लागे आणि मध्येच कुणी बोललं तर तो परत खाली जाई.

"मी... पण," बाबा म्हणाले. हात उठला, फिरला, पडला. "मी पण... तसलाच."

धाकटा त्यांच्याकडे वळला.

"चाळीस... वर्षं," बाबा म्हणाले. "चांगलं... चाललं होतं... की."

त्यावर आत्या रडली.  दोष असलेला गर्भ वापरू नये असा नियम, तो नियम योग्य आहे असं सगळ्यांचंच मत, आणि तसल्याच एका गर्भातून जन्मलेला या घरातला बाप समोर उशा लावून बसलेला. मग आई उठून बाबांपाशी गेली आणि तिने त्यांचा उडणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अहो, मग सांगा ना तुम्हीच," ती म्हणाली. "काय करू दे यांना?"

बाबांना बराच वेळ लागला. "औषध," ते म्हणाले. आणि धाकट्याकडे बघून, "याला."

 आईला पटलं होतं असं नाही. ती फक्त बाबांचा हात धरून राहिली आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

धाकट्याने खऱ्या कागदावरच्या पहिल्या चौकोनात, संशोधनाच्या, खूण केली आणि सही केली. मास्तरणीने पेन घेतलं, पण सही करायच्या आधी ताईकडे पाहिलं.

"उद्या त्यांना बाहेर काढतील तेव्हा तुम्ही तिथे असाल?"

"मला हात लावायची परवानगी नाही."

"हात लावू नका. नंबर वाचा. मोठ्याने वाचा. पहिल्यांदा तुम्ही वाचलात, आता शेवटचंही तुम्हीच वाचा. घरचं कुणीतरी तिथे उभं असू दे."

"विचारते," ताई म्हणाली. "नाही म्हणाले तरी दारात उभी राहीन."

मास्तरणीने सही केली. कागदाची घडी तिने ताईच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. ते ताईला समजलं.

"उद्या मी वर चढणार नाही," धाकटा कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "आधी साहेबांना सांगतो. मग डॉक्टर." तो खुर्चीत बसला. भरलेला कप त्याच्यासमोर होता, आणि सगळ्यांना तो एकदमच दिसला. आई धावली. "अरे, राहू दे, मी कमी करते."

"नको."

त्याने कप उचलला. काठावरचा चहा आधी या बाजूला गेला, मग त्या बाजूला. सगळे बघत होते. आजवर या घरात अशा वेळी माणसं पंख्याकडे बघायची, दाराकडे बघायची, पायाच्या अंगठ्याकडे बघायची. आज कुणी नजर वळवली नाही. दोन थेंब बशीत पडले. आता हे खोडीमुळे की भरलेला कप उचलायची सवय नव्हती म्हणून, ते कुणालाच कळलं नसतं. धाकटा अर्धा कप प्यायला आणि त्याने कप खाली ठेवला.

मग त्याने किटली ओढली, ताईच्या कपात ओतू लागला आणि काठ येईपर्यंत थांबला नाही.

"मला सहा वर्षं बघत होतीस ना?" तो म्हणाला. आवाजात राग होता आणि रागाखाली लहानपणचा, अंधाऱ्या जिन्यात 'तू पण चल' म्हणणारा तिचा भाऊ होता. "आता तू."

"मी तपासलेलं नाही," ताई म्हणाली.

"माहीत आहे. उचल."

तिला पळून जावंसं वाटलं. दात घासताना बेसिनवरचा दिवा घालवते, तसा इथलाही कुणीतरी घालवावा असं वाटलं. पण दुपारचं ऊन सरळ टेबलावर आलं होतं, आणि घरातली सगळी माणसं, मास्तरीणसुद्धा, तिच्याकडे बघत होती. तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि उचलला. चहा स्थिर होता.

"दोन हातांनी नाही," धाकटा म्हणाला.

ताईने डावा हात काढून घेतला.